पाळण्यातला वरवंटा

डोंबिवली (पूर्व)
रविवार

प्रिय शीला,

अनेक आशीर्वाद. टपालाने पत्र आलं म्हणून दचकू नकोस, इकडे नवीन काही झालेलं नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मी तोंड उघडलं की तुझे गुडघे, खडवलीचं पाणी आणि शेजारणीची म्हैस सुरू होते. आज मला जे सांगायचंय ते सलग सांगायचंय, म्हणून हा पत्राचा घाट. अक्षर नीरजाचं आहे. मी पलंगावर लोडाला टेकून बोलतेय आणि माझी सून समोर खुर्चीत, मांडीवर जाडसं मासिक घेऊन लिहितेय. मी म्हणेन ते एकही शब्द न गाळता उतरवायचं, अशी अट घातली आहे तिला. तिने मान डोलावली. हल्ली ती बोलत नाही, मानच डोलावते. शौनक आणि तुझे भावोजी गणपतीच्या सामानाला बाजारात गेलेत. यंदा आरास करायची की नुसतीच पूजा, यावर बापलेकांचं आठवडाभर फोनवर चाललंय, आणि खरं तर दोघांनाही काहीच करायचं नाहीये.

तुला सगळं माहीत आहे, तरी मुळापासून सांगते, कारण तू दर वेळी अर्धंच ऐकलंयस. दिवाळी आटपून तू परत गेलीस आणि त्याच आठवड्यात मी सकाळी चहाचं आधण उतरवायला गेले, तर पातेलं हातातून निसटलं. निसटलं म्हणजे काय, हाताने ते धरलंच नव्हतं. मी बघत उभी, आणि तो हात कुणा दुसऱ्या बाईचा असावा तसा लोंबत होता. पुढे इस्पितळ, सलाईन, सगळं झालं. पाय हळूहळू आला. जीभ थोडे दिवस जड होती, मग पूर्ववत झाली. तुझे भावोजी म्हणतात, आधी काय परत करायचं ते देवाने बरोबर ओळखलं. हात मात्र राहिला. उजवा. कोपरात दुमडलेला, मूठ घट्ट वळलेली, उघडायला गेलं तर आतून कुणी ओढून धरल्यासारखी. साडी सुटली, गाऊन आला. तू मला गाऊनमध्ये पाहून हसलीस आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडलीस. मला ऐकू आलं होतं.

मग शौनकने संचिताला शोधून काढलं. घरी येऊन व्यायाम घेणारी मुलगी, कल्याणहून स्कूटरवर यायची. ती गाण्यावर हात हलवायला लावते हे ऐकून मी पहिल्या दिवशी तिला हसले. तिने टेबलावर स्टीलचा डबा पालथा घातला, मोबाइलवर ठेका लावला आणि म्हणाली, "आजी, हात उचलायचा विचारच करू नका. ठेका पडला की हाताला जाऊ द्या. डोक्यातला जुना रस्ता बंद झालाय ना, आपण त्याला गाण्याच्या बाजूने नेऊ." ऐकायला छान. प्रत्यक्षात हात डब्यापर्यंत पोचायचाच नाही. डबा बदलला, गाणी बदलली, खेळण्यातली पेटी आणली, अभंग झाले, सिनेमातली झाली. मी घामाघूम व्हायचे आणि हात जिथल्या तिथे. "टेन्शन नका घेऊ, मी असे खूप पेशंट बघितलेत," असं ती म्हणायची, पण जाताना तिचाही चेहरा उतरलेला असायचा. तुझे भावोजी तिला दारापर्यंत सोडायला जायचे आणि परत येताना माझ्याकडे बघायचं टाळायचे.

आणि एक दिवस ती डबा पिशवीत भरत होती आणि मी बसल्या बसल्या एक पाळणा गुणगुणत होते. तुला ठाऊकच आहे, डोंबिवलीत कुठेही बारसं असलं की मला बोलावणं ठरलेलं. पार ठाण्याला टेंभी नाक्यापर्यंत जाऊन पाळणे म्हटलेत मी. आजी-आजोबांची, आत्या-काकांची नावं आधी विचारून घ्यायची, ती कडव्यांत गुंफायची आणि शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव आणायचं. हातात दोरी, ओढायची आणि सोडायची, त्या ओढीवर आवाज. गाणं आणि दोरी मी आयुष्यात कधी वेगळी केलीच नव्हती. तर मी गुणगुणत होते आणि संचिता एकदम म्हणाली, "आजी, थांबू नका, म्हणत राहा." मी खाली पाहिलं. मांडीवरचा हात मागे सरकत होता. जरासाच. मागे, मग सैल. पुन्हा मागे, पुन्हा सैल. मी कडवं पुरं केलं आणि मगच मला रडू फुटलं.

पाळणा आणायची कल्पना नीरजाची. आईचा सागवानी पाळणा तुझ्या माळ्यावर आहे, हे मीच तिला कधी तरी बोलले होते. बाबा मोहन्याच्या कारखान्यात होते तेव्हा तिथल्या सुताराकडून त्यांनी तो करून घेतला. त्यात आधी मी झोपले, मग तू, आणि तू आल्यावर मी दोरी ओढायला शिकले. म्हणजे हे वळण माझ्या हाताला तुझ्यामुळेच लागलंय. संक्रांतीच्या सुमारास शौनक आणि नीरजा टेम्पो करून तो तुझ्याकडून घेऊन आले. रिकामा पाळणा हलवू नये, असं तू बजावलं होतंस. नीरजाला या गोष्टी पटत नाहीत, पण मावशींनी सांगितलंय तर पाळू या, म्हणाली. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा नटवून पाळण्यात घालतात, हे तिने आपल्याच घरी पाहिलं होतं. तसाच तिने माझ्या स्वयंपाकघरातला वरवंटा धुऊन पुसून नव्या कुंचीत गुंडाळला आणि मधोमध ठेवला. संचिता खूश, कारण तिला पाळण्यात वजन हवंच होतं. बाहेरच्या खोलीतल्या कडीला पाळणा टांगला, माझ्या मुठीला जुन्या सुती साडीच्या पट्टीने दोरी बांधली, आणि आमचं रोजचं बारसं सुरू झालं. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा अंगडं-टोपडं घेऊनच वर आल्या, घरात बाळ आलं आणि आम्ही कळवलं नाही म्हणून जरा रुसूनच. त्यांना कुंची उघडून वरवंटा दाखवला. त्या दिवशी नीरजा खाली बसून पोट धरून हसली होती. तिला तसं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

पाडव्याला, खालून शोभायात्रेचे ढोल जात असताना, शौनकचा फोन आला. लग्नाला एवढी वर्षं झाली, किती दवाखाने, किती सुया, आणि आता नीरजाला दिवस राहिले होते. डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलायचं नाही असं सांगितलं, त्यामुळे ठाण्याहून तिचं इकडे येणं बंद झालं. आता नीट ऐक, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्याच संध्याकाळी मी तुझ्या भावोजींकडून पाळण्यातला वरवंटा काढून घेतला, पाट्यावर नेऊन ठेवायला लावला, आणि दोरी वर कडीला गुंडाळून टाकली. मी मानते म्हणून नव्हे. पण मनात आलं, उगाच कशाला? संचिताला सांगितलं, खांदा दुखतो. ती बिचारी म्हणाली, "आजी, आत्ता कुठे हात उघडायला लागलाय, आत्ता सोडू नका." मी नाही ऐकलं. पाळणे तेवढे म्हणत राहिले, गळ्याला सवय झाली होती म्हणून. खालच्या बाईंनी रोज ऐकले असतील ते तेवढेच. नीरजा फोनवर विचारायची, आई, चालू आहे ना? मी म्हणायचे, चाललंय. एवढं खोटं बोलले, तिला वाईट वाटू नये म्हणून. पाडव्यानंतर मी त्या दोरीला हात लावलेला नाही.

नीरजा लिहिता लिहिता थांबली आहे. लिही गं. अट आहे ना आपली.

आषाढ संपता संपता ते झालं. सहावा चालू होता. पिशवीचं तोंड अवेळी उघडलं, डॉक्टर म्हणाले, हे कुणाच्या हातात नसतं. मुलगी होती. याच्यापुढचं मी सांगणार नाही, लिहिणाऱ्या मुलीचाही विचार करायला हवा. तू तिला भेटायला ठाण्याला गेलीस. डिंकाचे लाडू नेलेस, तिच्या केसांतून हात फिरवलास, तिच्यापेक्षा जास्त रडलीस. आणि निघताना, चपला घालता घालता म्हणालीस, "पाळण्यात दगड झुलवलात गं, मग दुसरं काय होणार?" मला हे शौनकने सांगितलं, नीरजाने नाही. तुझ्या मनात वाईट नव्हतं, मी ओळखते तुला. तुझ्या जिभेला हाड नाही, ते फ्रॉकात होतीस तेव्हाही नव्हतं, आणि दुःख झालं की तू तोंडाला येईल ते बोलतेस. पण तू ते बोलून खडवलीला गेलीस आणि तुझं वाक्य इथेच राहिलं.

त्यानंतर नीरजा पहिल्यांदा इकडे आली तेव्हा सरळ स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर येईना म्हणून मी काठी टेकत गेले, तर पाट्यासमोर उभी. मला म्हणाली, "आई, मीच गुंडाळला होता ना तो कुंचीत." मग विचारलं, "तुम्ही रोज करत होतात?" तेवढ्यात तुझे भावोजी आत आले आणि माझं उत्तर राहून गेलं. तेव्हापासून ती ऑफिसला जात नाही. डॉक्टरांनी मला दिलेली प्रत्येक गोळी कशासाठी आहे ते तपासल्याशिवाय घेऊ न देणारी ही मुलगी, आणि तुझं एक वाक्य उराशी धरून बसली आहे. कुणाला दाखवत नाही, म्हणून कुणाला ते काढूनही घेता येत नाही.

तर शीला, तुझं म्हणणं चुकीचं आहे. तिला दिवस राहिल्याचं कळल्यावर तो पाळणा हललेलाच नाही. आणि त्याआधी हलत होता म्हणशील, तर तो हलत असतानाच तिला दिवस राहिले, मग तो वाईट कसा? जे झालं त्याच्याशी पाळण्याचा संबंध नाही, वरवंट्याचा नाही, कुंचीचा नाही, आणि ती गुंडाळणाऱ्या हातांचा तर मुळीच नाही. माझा हात राहिला तो राहिला. डाव्या हाताने जेवायची आधी लाज वाटायची, आता वाटत नाही. हे तुला कळावं एवढ्यासाठीच लिहवून घेतलं. नीरजाने पेन खाली ठेवलंय. सहीपुरतं पुन्हा उचल म्हणते तिला.

तुझीच,
ताई


मंगळवार

शीला,

पाकीट अजून चिकटवलेलं नाही. तुझे भावोजी भाजीला गेलेत. हे अक्षर माझं आहे आणि उजव्या हाताचं आहे. पेन धरवत नाही, जाड पेन्सिल आहे, संचितानेच दिलेली. एक ओळ झाली की थांबावं लागतं. कालची दुपारही यातच गेली. वाकडं आहे, पण वाचता येईल.

वरवंटा काढून ठेवला आणि दोरी गुंडाळली, हे रविवारी लिहवलेलं खोटं आहे. मी पाळणा रोज हलवला, ती वाईट बातमी येईपर्यंत. पाडव्याच्या फोननंतर तर मला उलट जोर चढला. मी ठरवलं, सातव्यात हिचं डोहाळजेवण करायचं आणि हिची ओटी आपल्या उजव्या हाताने भरायची. डाव्या हाताने भरलेली ओटी कुणाला चालेल? सगळ्यांना चकित करायचं म्हणून कुणाला सांगितलं नाही. संचिता आणि तुझे भावोजी तेवढे कटात. शौनक आला की मी हात मांडीवर आखडून बसायचे. ज्येष्ठात पहिल्यांदा पाचही बोटं उघडली. आषाढात मी मूठभर तांदूळ उचलून ताटात सोडले आणि तुझे भावोजी टाळ्या वाजवत बसले. नारळ तेवढा पेलायचा राहिला होता.

मी मानत नाही, शीला. दगड झुलवल्याने असं होत नसतं. पण हे तिला कितीही सांगितलं तरी ती ते नुसतं ऐकून घेणार आणि रोज सकाळी उठून मनात पुन्हा तोच वरवंटा कुंचीत गुंडाळणार. तिला मानू नकोस म्हणून उपयोग नाही, घडलंच नाही असंच सांगायला हवं. तोंडावर सांगितलं असतं तर समजूत घालतायत म्हणून तिने लगेच ओळखलं असतं. तुला सांगताना ऐकलं, आपल्या हाताने लिहिलं, म्हणून तिला ते खरं वाटलं. निघताना माझ्या गळ्यात पडून रडली, तू तिला भेटून गेल्यानंतर पहिल्यांदा. सासूने आपल्यापायी हात घालवला, हे नवं ओझं मी तिला दिलंय, ते मला कळतं. ते तिला पेलेल. आधीचं पेललं नसतं.

म्हणून तुझ्याकडे एवढं मागते. हे पान वाचून जाळून टाक. तिला फोन कर आणि सांग, मावशी चुकली. आणि माझ्यामागेही कधी खरं बोलू नकोस, आयुष्यात एवढी एक गोष्ट गिळ. संचिताला मी येऊ नको म्हणून सांगितलंय. हात वापरला नाही तर पुन्हा आखडेल, असं ती रागावून म्हणाली, आणि ते बरोबरच आहे. पण बरा झालेला हात नीरजाने पाहिला तर तो कशाने बरा झाला ते तिला विचारावंही लागणार नाही. त्यामुळे आता तो मांडीवरच राहायला हवा. रविवारी पत्र लिहून झाल्यावर ती तेल कोमट करून घेऊन आली, माझ्या शेजारी बसली आणि माझी बोटं चोळायला लागली, एकेक करून. तिचा हात गार होता. माझी बोटं आपोआप उघडून त्याच्याभोवती मिटायला निघाली, आणि मी ती उघडू दिली नाहीत.

तुझीच,
ताई